दगडाबाईच्या लग्नाच्या हरकती

आमचे मास्तर नियमाचे पक्के. प्रार्थनेच्या पुस्तकात 'येथे सर्वांनी गुडघे टेकावे' असं तांबड्या अक्षरांत छापलेलं असलं, की खाली विंचू निघाला तरी हे गुडघे टेकणार आणि विंचवाला जरा सरकून बस म्हणणार. मी त्यांची बायको. माहेर नगरकडचं आणि तोंड तिखट, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचे कष्ट पडायला नकोत.

ताडकळसच्या बाजारापासून दोन कोसांवर आमचं मिशनचं देऊळ होतं. भिंती मातीच्या, वर टिनाचे पत्रे, पत्र्यांत चिमण्या आणि समोर बाभळीच्या लाकडाचा क्रूस. ख्रिस्ती घरं सतरा. पाद्रीसाहेब औरंगाबादेहून दोन महिन्यांतून एकदा येत. रेल्वेने पूर्णेपर्यंत आणि पुढे बैलगाडीने, आणि बाप्तिस्मे, प्रभुभोजन, लग्नं असं सगळं एकदम उरकून जात. मधले रविवार आमच्या ह्यांच्याकडे. हे उपदेशक, पण आठवडाभर शाळा घेत म्हणून सगळ्यांचे मास्तर. उपासनेत राजासाठी प्रार्थना यायची तेव्हा आमची माणसं बुचकळ्यात पडत, की हा राजा विलायतेतला का हैदराबादचा? शेवटी दोघांच्या नावाने 'आमेन' म्हणत. ज्याचं त्याला देव पोचवील, असा हिशेब.

आता मुख्य गोष्ट. आमच्यात लग्न ठरलं, की आधी तीन रविवार देवळात पुकारा होतो. उपासनेत बायबलातला दुसरा धडा वाचून झाला की उपदेशक वधूवरांची नावं वाचतो आणि विचारतो, की ह्या दोघांचं लग्न होऊ नये असं काही कारण कुणाला ठाऊक असेल, तर त्याने ते सांगावं. दुसरीकडे ह्या प्रश्नावर लोक गप्प बसतात म्हणे. आमच्या वस्तीत भरसभेत विचारलेल्या प्रश्नाला गप्प बसणं म्हणजे विचारणाऱ्याचा अपमान, आणि पोरीचा त्याहून मोठा. रीतच तशी होती. मुलीला मागणी आली की तिच्या माणसांनी थोडं अडून बसायचं. मामाने नाक मुरडायचं, चुलत्याने 'बघू' म्हणायचं, आत्याने रुसायचं. मग मुलाकडच्यांनी हात जोडायचे. जिच्यासाठी कुणी अडलं नाही ती पोर घराला जड झाली होती, असं लोक समजत. मिशन येऊन पन्नास वर्षं झाली होती, देव बदलला होता, पण ही रीत काही बदलली नव्हती. उलट मिशनने तिच्यासाठी पुस्तकात छापील जागा करून दिली, असंच सगळ्यांना वाटे.

आदल्या वर्षी सारीच्या लग्नाचा पुकारा झाला तेव्हा सात हरकती आल्या. धुरपताबाई आमच्यात सगळ्यांत म्हातारी, म्हणून पहिला मान तिचा. ती उठून म्हणाली, "पोराचं नाक वाकडं हाय." मग माणिकराव उठला. हा भजनाला ढोलकी वाजवायचा. त्याची हरकत अशी, की नवरदेवाच्या बापाने बारा वर्षांमागे बाजारात आपल्याला रामराम घातला नव्हता. एकाने तर 'माझ्या आधी माणिकराव कामून उठला' म्हणून हरकत घेतली. आणि सारीच्या मामाला जोर चढला, तो म्हणाला, "पोराची पहिली सोयरीक पेडगावला ठरलेली हाय!"

दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. आमच्या ह्यांनी सातही हरकती पुकाऱ्याच्या वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिल्या आणि नक्कल औरंगाबादला रवाना केली. पहिली सोयरीक म्हटल्यावर पाद्रीसाहेबांना चौकशी करणं भाग होतं. पेडगावला माणूस गेला. तिथे कळलं, की सोयरीक ठरली होती खरी, पण दोन्ही पोरं जन्माला यायच्या आधी, आणि पुढे दोन्ही घरी मुलगेच झाले. ह्या चौकशीत ईस्टर उलटून गेला. पाद्रीसाहेबांचं पत्र आलं, 'पुन्हा पुकाऱ्यात एकही हरकत आली, तर ते लग्न मी त्या खेपेस लावणार नाही.' हे पत्र ह्यांनी देवळाच्या भिंतीला डकवलं. वाचता येणारे आमच्यात चार. त्यांना त्यातलं अक्षर आवडलं.

मग आलं दगडाच्या लग्नाचं.

दगडाचे आईबाप मानमोडीच्या तापाच्या साथीत एकाच आठवड्यात गेले. पोर जगावी म्हणून आईने नाव दगडा ठेवलं होतं, आणि ती जगली. सहा वर्षांची असताना मिशनच्या आवारात आली. बाप्तिस्म्याचं नाव दबोरा, पण ते वहीतच राहिलं. देवळाची झाडलोट ती करी, सारवण करी, माझ्या चुलीपाशी भाकरी थापी आणि रविवारी घंटा वाजवी. घंटा म्हणजे लिंबाच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. आम्हाला मूल नव्हतं. तरी ती पोर माझी, असं माझ्या मनात कधी आलं नाही, हे मी आज लाजून सांगते. ती मिशनची होती. मी तिला कामं सांगायची आणि ती करायची. अठरा वर्षं असंच चाललं.

मुंजाजी पूर्णेला रेल्वेत गँगमन, म्हणजे रूळ दुरुस्त करणारा; पहिली बायको वारलेली. नाताळच्या जेवणाला आला आणि त्या रुळाखाली उभा राहिला. माणूस अबोल. बऱ्याच वेळाने दगडाला म्हणाला, "हा रूळ साठ रत्तलाचा हाय."

"वाजवून बगा की," दगडा म्हणाली.

त्याने वाजवला. एवढ्यावर लग्न ठरलं. मी आजवर पुष्कळ मोठमोठी पत्रं लिहून ठरलेली लग्नं पाहिली आहेत, त्यांपेक्षा हे काही वाईट नव्हतं.

अडचण वेळेची होती. मुंजाजीची बदली काझीपेठेकडे झाली होती, फेब्रुवारी संपायच्या आत हजर व्हायचं होतं. राखेच्या बुधवारी उपवासाचा काळ सुरू होतो, तो ईस्टरपर्यंत. त्यात आमच्याकडे लग्न लागत नाही. पाद्रीसाहेब येणार होते त्या बुधवारच्या आधीच्या सोमवारी. म्हणजे तीन पुकारे बिनहरकत व्हायचे आणि त्या सोमवारी लग्न लागायचं. नाही लागलं तर मुंजाजीच्या आईने, नर्मदाबाईने, राणीसावरगावची एक मुलगी हेरून ठेवलेली होतीच. "तिला पाच भाऊ हायत," असं ती येताजाता सांगे. दगडाला एकही नव्हता.

ह्यांनी बंदोबस्ताला सुरुवात केली. बुधवारच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवून गप्प बसण्याची तालीम घेतली. हे उभे राहून विचारायचे, "कोणास काही कारण ठाऊक आहे काय?" आणि लोकांनी गप्प बसायचं. पहिल्या खेपेला चौघं उठले.

"अहो, ही तालीम आहे!" हे ओरडले.

"तालमीतबी मान ठिवावा लागतोच की, मास्तर," धुरपताबाई म्हणाली. "तुमी इच्चारायचं अन् आमी भिंतीवानी बसायचं, हे बरं दिसतंय का?"

तीन तालमी झाल्या. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी बोललंच. शेवटी ह्यांना युक्ती सुचली. गावात गुरुसिद्धप्पाचं किराणा दुकान होतं. त्याच्याकडून गुळाची ढेप आणली आणि ठरवलं, की दुसरा धडा सुरू झाला की प्रत्येक मोठ्या माणसाच्या तोंडात गुळाचा खडा द्यायचा. तो चघळून संपेपर्यंत बोलायचं नाही.

"हे पुस्तकात आहे का?" मी विचारलं.

"पुस्तकात मनाई नाही," हे म्हणाले. मी गूळ फोडायला घेतला.

पहिल्या रविवारी धडा सुरू झाला आणि मी परात घेऊन ओळीने गूळ वाटला. ह्यांनी नावं वाचली. "मुंजाजी, विधुर, राहणार पूर्णा. दबोरा उर्फ दगडा, कुमारिका, राहणार मिशन. ही पहिली वेळ विचारतो." देवळात फक्त चघळण्याचा आवाज. हे इतके खूष झाले, की पुढचं स्तोत्र स्वतः मोठ्याने म्हणाले, आणि ह्यांना सूर नाही. गुरुसिद्धप्पा लिंगायत, त्याचा आमच्या उपासनेशी संबंध नाही, पण आपला गूळ कुठे जातो ते पाहायला तो खिडकीबाहेर येऊन उभा होता.

दुसऱ्या रविवारी नर्मदाबाई पूर्णेहून गाडी करून आली आणि पहिल्या ओळीत बसली. जाडजूड बाई, डोळा तेज. पुकारा झाला. धुरपताबाईच्या तोंडून "हं" असं काहीतरी निघालं.

"ते काय होतं?" ह्यांनी वहीवरून डोळे वर केले.

धुरपताबाईने गालाकडे बोट दाखवून मान हलवली. ठसका होता. हे खाली बसले.

उपासना संपल्यावर मी नर्मदाबाईला पाणी दिलं. ती देवळाकडे बघत म्हणाली, "दोन डाव इच्चारलं, तरी कुनी हूं न्हाई की चूं न्हाई. बरं झालं बाई. म्हंजे उद्या कमी-जास्त झालं तर पुसायला बी कुनी यायचं न्हाई."

हे ती हसत म्हणाली. दगडा लिंबाखाली उभी होती आणि तिने ते ऐकलं.

त्या आठवड्यात दगडाच्या भाकऱ्या जाड व्हायला लागल्या. मी दोनदा बोलले. तिसऱ्यांदा बोलले तेव्हा तिने पीठ खाली ठेवलं.

"बाई, सारीच्या वक्ताला सात जनं उठली व्हती."

"आणि काय झालं? लग्न लांबलं."

"लांबलं. पन सासरी तिला कुनी वाकडं बोलत न्हाई. बोललं तर सात जनं येतेल म्हनून भ्येतेत." तिने हाताचं पीठ झाडलं. "माज्या वक्ताला समद्याच्या तोंडात गूळ. मी जानार न्हाई असं म्हनत न्हाई मी. मानूस चांगला हाय. पन बिनवारशी ढोर कोंडवाड्यातून सोडून नेत्यात, तसं जायलेय मी."

मी म्हणाले, "वेडी आहेस. नियमासाठी सगळे गप्प आहेत. तुझ्या भल्यासाठीच."

"व्हय," ती म्हणाली आणि परत भाकरी थापायला लागली.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चूक कुणाची म्हणावी? ह्यांनी तर तिच्यासाठीच एवढी धडपड केलेली. गूळ मी स्वतःच्या हाताने वाटलेला. एक हरकत आली तर पाद्रीसाहेब लग्न लावणार नव्हते, मुंजाजी काझीपेठेला जाणार होता आणि पाच भावांची बहीण त्याच्या घरात येणार होती. न आली तर दगडा जन्मभर नर्मदाबाईच्या टाचेखाली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी परात घेऊन उभी. ह्यांना सांगायची सोय नव्हती. ह्यांनी पत्रावर बोट ठेवलं असतं.

तिसरा रविवार उजाडला. देऊळ गच्च भरलं होतं. नर्मदाबाई पहिल्या ओळीत, मुंजाजी पुरुषांच्या बाजूला नवी टोपी घालून. दगडा घंटा वाजवून दारातच थांबली होती, आत आली नाही. दुसरा धडा सुरू झाला. मी गूळ वाटला, धुरपताबाईला ह्यांच्या सांगण्यावरून दोन खडे. ह्यांनी काळा कोट नीट केला आणि वही उघडली.

"ही तिसरी व शेवटची वेळ विचारतो."

सतरा घरांची माणसं गाल फुगवून बसली होती. नर्मदाबाईने मागे वळून सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पदर सावरून नीट मांडी घालून बसली, बाजारात सौदा स्वस्तात पटल्यावर बसतात तशी. मी दाराकडे पाहिलं. दगडा खाली मान घालून उंबऱ्याची माती पायाच्या अंगठ्याने कोरत होती. ती माती तिनेच आदल्या दिवशी सारवलेली होती.

मी उठले. "माझी हरकत आहे."

ह्यांनी वहीत बोट घालून माझ्याकडे पाहिलं. "अगं, खाली बस."

"का म्हणून? ज्याला कारण ठाऊक असेल त्याने सांगावं, असं तुम्हीच वाचलंत ना? त्यात उपदेशकाच्या बायकोला वगळलंय का?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण ह्यांनी खरोखर पुस्तक उघडून पाहिलं. वगळलेलं नव्हतं.

"कारण सांगा," हे म्हणाले. आवाज पार बसला होता, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मला 'सांगा' म्हणाले.

"पोर अठरा वर्षं माझ्या हाताखाली वाढली. तिला गोवर आला तो मी काढला. ती मिरच्या चुलीत टाकून माझ्यावर रुसायची, ते रुसवे मी काढले. आणि मुलाच्या आईने मला एका शब्दाने विचारलं नाही, की बाई, तुमची पोर आम्हाला देता का? अशी कशी देऊ?"

देवळात एकदम कडाकड आवाज झाला. पहिल्यांदा मला कळेना. मग कळलं, की लोक गूळ दातांनी फोडायला लागले आहेत. धुरपताबाईला दात नव्हते. तिने दोन्ही खडे पदरात काढून घेतले आणि उठली.

"माजीबी हरकत हाय! पोराची मान बारीक हाय! वझं कसं उचलील त्यो?"

"माजी हाय!" माणिकराव ढोलकी बाजूला सारत उठला. "ही गेल्यावर घंटा कोन वाजविल? मला रविवार हाय हे कळावं कसं?"

मग कोण कुठून उठलं ते सांगता येत नाही. कुणी म्हणालं, तापात हिने माझ्या घरी पाणी भरलं. कुणी म्हणालं, काझीपेठ लय लांब हाय, दुसरा मुलूख बघा. सारीच्या मामाने तोंड उघडलं तेव्हा मात्र सगळे एकदम त्याच्यावर ओरडले, "पेडगावचं नाव काडू नको!" म्हणून त्याने नुसतीच हरकत घेतली, कारण सांगितलं नाही. एवढ्यात खिडकीतून गुरुसिद्धप्पा म्हणाला, "आन माजीबी लिवा, मास्तर."

"तुमचा इथे काय संबंध?" हे कळवळून म्हणाले.

"संबंध कसा न्हाई? आक्क्या गावात माजा ताजवा तपासून माल घेनारी ही येकच पोरगी हाय. हिच्यामुळं मी इमानदार ऱ्हायलो. ही गेल्यावर माजं काय व्हील?"

अकरा हरकती झाल्या. नर्मदाबाईच्या चेहऱ्यावरचा सौदा पटल्याचा भाव केव्हाच उतरला होता. ती आधी मागे बघत होती, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. हळूच उठली. डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्यापुढे येऊन हात जोडले.

"मला वाटलं हिला कुनी न्हाई," ती म्हणाली. "येवढं मोठं गोत हाय हे मला कुनी सांगितलंच न्हाई की वं. चुकलं माजं. द्या बाई तुमची पोर."

मग ती ओळीने सगळ्यांपुढे हात जोडत गेली. खिडकीपाशी जाऊन गुरुसिद्धप्पालाही जोडले. ह्यांनी मुंजाजीला विचारलं, की तुला काही सांगायचं आहे का. मुंजाजी उठला, टोपी काढली, परत घातली.

"मान बारीक हाय खरी," तो म्हणाला. "पन रूळ उचलतो मी."

ह्यांनी घाम पुसला. "सर्वांनी हरकती मागे घेतल्या, असं समजू का?"

सगळ्यांनी घेतल्या. धुरपताबाई तेवढी म्हणाली, "निम्मी घेतली. निम्मी लग्नाच्या दिवशी."

मी दाराकडे पाहिलं. दगडा उंबऱ्यावर बसून तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि मधूनच हसत होती. मला वाटलं, झालं. आता लग्न लागो की न लागो, हिची मान वर झाली. पण दुसऱ्याच क्षणी सोमवार आठवला. मान वर झाली खरी, पण नवरा काझीपेठेला गेला तर त्या मानेचं लोणचं घालायचं?

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. वही पुढे घेऊन बसले. "हे लिहावं लागेल."

"नका लिहू."

"नियम आहे."

मी चिडून चुलीपाशी गेले, आणि चुलीने काहीही केलेलं नसताना तिला बोलू लागले. तिथूनच मला दिसत होतं. ह्यांनी अकराही हरकती लिहिल्या, गुरुसिद्धप्पाच्या तराजूसकट. मग पान वरपासून परत वाचलं. वधूच्या पालकाचं नाव लिहायच्या रकान्यात ह्यांनी तीन आठवड्यांमागे 'मिशन' असं लिहिलं होतं. ह्या माणसाने बावीस वर्षांत त्या वहीत शाईचा एक डाग पडू दिला नव्हता. शाळेत मुलाने खाडाखोड केली तर पाटीसुद्धा परत लिहायला लावत. त्यांनी टाक उचलला, 'मिशन' ह्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं. मग वही मिटून म्हणाले, "भाकरी वाढ." मी वाढली.  

आठ दिवसांनी सोमवारी पाद्रीसाहेब आले. लिंबाखाली खुर्ची टाकून त्यांनी आधी पुकाऱ्याची वही मागितली. दगडा नवं लुगडं नेसून आत बसलेली, मुंजाजी बाहेर उभा, नर्मदाबाई त्याच्यामागे, आणि सगळी वस्ती भोवती. चिमण्या तेवढ्या बोलत होत्या. साहेबांनी पान वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं.

"मास्तर, मी पत्रात काय लिहिलं होतं?"

"एकही हरकत आली तर लग्न लागणार नाही."

"इथे अकरा आहेत. आणि हे खोडलं कुणी?"

"मी."

"कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही," हे म्हणाले. माझ्या नवऱ्याच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी वहीवर बोट ठेवलं. "पहिली हरकत घेणाऱ्या ह्या बाई कोण?"

"माझी पत्नी."

"म्हणजे ह्या रकान्याप्रमाणे, वधूची कोण झाली?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आई."

साहेबांनी वही मिटली. "मग ही हरकत कशी धरायची? आईने हरकत घेतली नाही असं लग्न मी अजून पाहिलेलं नाही. माझ्या सासूबाईंनी तर अजून मागे घेतलेली नाही." ते उठले आणि झगा मागवला. "बाकीच्या दहांत एकही कायद्याचं कारण नाही. तराजूचं वाचून बरं वाटलं. घंटा वाजवा."

घंटा वाजवणारी तर नवरी होती. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. शेवटी दगडाच उठून बाहेर आली आणि नव्या लुगड्याचा पदर खोचून तिने स्वतःच्या लग्नाची घंटा वाजवली.

लग्न सुरू झालं. त्या विधीत एक प्रश्न असतो, आणि त्यावर उत्तर फक्त वधूच्या बापाने द्यायचं असतं. ह्यांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, की इथे कुणीही तोंड उघडायचं नाही, नाही तर गूळ आहेच.

"ही स्त्री ह्या पुरुषास कोण देतो?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

हे पुढे झाले. दगडाचा हात हातात घेतला. 'मी' एवढंच म्हणायचं होतं, एक अक्षर. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं.  साहेब थांबले. मुंजाजी थांबला. ज्यांनी आम्हाला तीन आठवडे गप्प बसायला शिकवलं, त्यांनाच आता बोलता येईना, आणि बाकीचे सगळे शिकवल्याप्रमाणे गप्प. माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं.

तेवढ्यात मागून धुरपताबाईने आपली राहिलेली निम्मी हरकत घेतली.

"मास्तर, गूळ गिळा की!"

देऊळभर हसू फुटलं, पाद्रीसाहेबांनी पुस्तक तोंडापुढे धरलं, आणि त्या गलक्यात ह्यांचा 'मी' कुणाला ऐकू आला नाही. साहेबांनी परत विचारलं नाही. दगडाला मात्र तो ऐकू आला होता, कारण ती ह्यांचा हात सोडेना. शेवटी मीच जाऊन सोडवला.